लॉरीच्या मागे बसलेली माणसं

परवा सकाळी इथं सिंगापूरमध्ये धो धो पाऊस होता म्हणून टॅक्सी केली. मागच्या सीटवर बसले, तर टॅक्सीवाले अंकल बेल्ट लावेपर्यंत गाडी हलवेनात. इथला कायदाच तसा आहे. सिग्नलला आमच्या पुढे एक लॉरी उभी होती. तिच्या मागच्या उघड्या भागात ताडपत्रीखाली पंधरा-वीस माणसं खाली मांडी घालून, एकमेकांना टेकून झोपलेली. कडेला बसलेल्याचा खांदा भिजत होता आणि त्यानं जेवणाची पिशवी पोटाशी धरली होती. त्यांना बेल्ट नाही, कारण सीटच नाही. आणि तेही कायद्यात बसतं.

इथं येऊन मला चौदा वर्षं झाली. जून 2024 मध्ये या बेटावर 60 लाख 40 हजार लोक होते. त्यातले 36 लाख 40 हजार नागरिक, साधारण 5 लाख 40 हजार माझ्यासारखे पीआर, म्हणजे नागरिक नसलेले पण कायम राहायची परवानगी असलेले. उरलेले 18 लाख 60 हजार ना नागरिक ना पीआर. इमारती बांधणारे तमिळ आणि बांगलादेशी तरुण त्यातच, आणि नुकताच कंपनीनं पाठवलेला पुण्याचा इंजिनियरही त्यातच. पण इथल्या आपल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर "आपण" आणि "ते वर्कर" असं सहज लिहिलं जातं, ते मला फार लागतं.

माझे आजोबा संगमेश्वरहून गिरणीत आले. लालबागच्या एका खोलीत वीस जण, पाळीप्रमाणे झोपायचे. महिन्याला गावी मनीऑर्डर. पण चार वर्षांनी त्यांनी आजीला मुंबईला आणलं, म्हणून आज मी आहे. इथल्या वर्क परमिटवाल्याला, म्हणजे अशा मजुरांना मिळतो त्या परवान्यावर आलेल्याला, बायको-मुलं आणताच येत नाहीत. दहा वर्षं राबला तरी नाही. इथल्या नागरिकाशी किंवा पीआरशी लग्न करायचं तर सरकारची परवानगी लागते.

कोविडमध्ये तर सगळं उघडं पडलं. डॉर्मिटरीत, म्हणजे कामगारांच्या सामूहिक वसतिगृहांत, राहणाऱ्या सुमारे 3 लाख 23 हजार कामगारांपैकी 47 टक्क्यांना लागण होऊन गेली होती, हे डिसेंबर 2020 मध्ये सरकारनंच सांगितलं. एका खोलीत दहा-बारा, कधी त्याहून जास्त बंक (एकावर एक खाटा), मग दुसरं काय होणार? आम्ही हॉटेलात जेवायला लागलो, तेव्हाही त्यांना बाहेर पडायला परवानगी लागत होती. डॉर्मिटरीत मृत्यू फार थोडे झाले, उपचार नीट मिळाले, हे खरं आहे आणि ते मी मानते. पण जीव वाचवणं वेगळं आणि माणसासारखं वागवणं वेगळं.

लॉरीची गोष्ट 2023 मध्ये पुन्हा निघाली. अपघात झाले होते, कामगार जखमी झाले होते, संस्थांनी निवेदनं दिली. लॉरीतून माणसं न्यायला बंदी घातली तर लहान कंपन्या बुडतील, घरांची कामं रखडतील, असं सरकारकडून उत्तर मिळालं. म्हणजे ज्या घरांचं नाव काढलं, त्यांतलंच एक माझं. माझ्या फ्लॅटची किंमत थोडी वाढली असती तर मी भरली असती. मला कुणी विचारलंच नाही.

आमच्या भागाच्या खासदारांना मी पत्र लिहायला घेतलंय. तुमच्यापैकी जे इथं बांधकाम किंवा शिपयार्डच्या कंपन्यांत हिशेब बघतात, त्यांनी कृपया सांगा: वीस माणसांना लॉरीऐवजी सीट असलेल्या बसनं न्यायचं तर दिवसाला नेमका किती खर्च वाढतो? इनबॉक्समध्ये सांगितलं तरी चालेल. पत्रात तो आकडा मला घालायचाय.