“बाई, लेकराचं नाव कमी केलं का?”

परवा आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत विषय होता शिक्षक आणि विद्यार्थी यांचं नातं. गटागटानं बसून तक्त्यावर मुद्दे लिहायचे होते. प्रेम, विश्वास, संवाद, आदर. सगळं खरंच आहे, त्यात वाद नाही. पण स्केचपेन माझ्या हातात आला तेव्हा मला एकच प्रसंग आठवत होता आणि तो मुद्द्यात बसत नव्हता. म्हणून इथे लिहितेय. लांबलंय, पण जमलं तर शेवटपर्यंत वाचा.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. दसरा झाला की आमचं गाव ऊसतोडीसाठी रिकामं व्हायला लागतं. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. गाडीत भांडीकुंडी, पत्र्याची पेटी, शेरडं, कोंबड्या आणि त्यांच्यामध्ये दाटीवाटीनं बसलेली माझ्या वर्गातली लेकरं. कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे, कुणी पार बेळगावकडे. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की मार्च-एप्रिलात माघारी. म्हणजे वर्गातल्या काही लेकरांशी माझं नातं दरवर्षी पाच-सहा महिने तुटतं आणि पुन्हा जोडायला लागतं. नात्याबद्दल मी जे काही शिकले ते या तुटण्या-जोडण्यातूनच.

२००९ सालची गोष्ट. मी तेव्हा शिक्षणसेवक होते, नोकरीचं दुसरं वर्ष. एप्रिलातली सकाळची शाळा. तिसरीतला एक मुलगा उसाच्या फडावरून परत आला होता आणि भिंतीला टेकून मागे बसायला लागला होता. आला हे मी पाहिलंही होतं. पण पाच महिने हजेरी घेताना त्याच्या नावावरून पुढे जायची जिभेला सवय लागलेली. त्या दिवशीही मी पुढे गेले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. तो काही बोलला नाही. आपलं नाव येईल म्हणून तो वाट बघत असणार, आणि मी खालचं नाव घेत होते.

चौथ्या दिवशी तो आलाच नाही. त्याची आजी आली. दारातच उभी राहिली, आत या म्हटलं तरी येईना. म्हणाली, “बाई, लेकराचं नाव कमी केलं का ओ? ते म्हणतंय, शाळंत माझं नावच न्हाई.”

मी तिला हजेरीपत्रक उघडून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. मी त्याच्या नावावर बोट ठेवलं, तिनं त्याच जागी आपलं बोट ठेवलं आणि विचारलं, “हितं हाय का?” “आहे आजी. माझं चुकलं.” दुपारी मी त्याच्या घरी गेले आणि हेच त्यालाही सांगितलं. लेकराला ‘माझं चुकलं’ म्हणायला मला फार जड गेलं होतं, हे आज कबूल करते. डी.एड.ला आम्हाला पाठाची पूर्वतयारी शिकवली, फळ्यावरचं लेखन शिकवलं. विद्यार्थ्याची माफी कशी मागायची हे कुणी शिकवलं नव्हतं. तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी आला, आणि नाव घेतल्यावर इतक्या मोठ्यानं “हजर!” म्हणाला की चौथीची पोरंही वळून बघायला लागली.

तेव्हापासून मी सगळी नावं घेते, रोज. गेलेल्यांचीसुद्धा. नाव घेतलं की बाकीची लेकरं ओरडतात, “कराडला गेलाय, बाई!” किंवा “बेळगावला गेलीय, तिच्या घरी बाळ झालंय!” दोन मिनिटं जास्त जातात. पण जानेवारीतही गेलेली लेकरं वर्गात असतात, आणि माघारी येतात तेव्हा मागं राहिलेल्यांना त्यांची ओळख नव्यानं करून घ्यावी लागत नाही.

पुढे घराघरात मोबाइल आले, मग फोन करायला लागले. रात्री साडेसात-आठला, तोडणीवरची माणसं कोपीवर, म्हणजे आपल्या झोपडीवर, परतल्यावर. आधी आई बोलते, मग लेकरू. पहिल्या फोनला ते नुसतं “हं” म्हणतं. अभ्यास केलास का, असं मी कधीही विचारत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण नव्या शिक्षकांकडून ही चूक हमखास होते. थंडी, पाचट, लहान भावाला सांभाळणं, पहाटे निघायच्या टायरगाड्या, त्यात ते लेकरू आणि तुम्ही अभ्यासाचं विचारलं, तर पुढच्या फोनला ते येणारच नाही. मी विचारते, आज काय काय पाहिलंस? मग हळूहळू सुटतं. एकानं मला सगळा वाढ्यांचा, म्हणजे चाऱ्याला विकतात त्या उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, हिशेब सांगितला होता. रोज किती पेंड्या सुटतात, गावातले दूधवाले काय भाव देतात, आईकडे किती येतात. हातच्याची बेरीज वर्गात न जमणारं हेच पोरगं.

तो परत आला तेव्हा मी त्याला म्हटलं, मोळी कशी बांधतात ते मला दाखव. शेजारच्या रानातून कडबा आणला. वाढ्यालाच पीळ देऊन त्याचा बंद करतात आणि मोळी गुडघ्याखाली दाबून आवळतात, हे त्यानं सगळ्या वर्गाला दाखवलं. मला तीनदा जमलं नाही. “बाई, आसं न्हाई, आसं,” म्हणत त्यानं माझा हात धरून पीळ दिला. त्या दिवसानंतर गणिताला तो माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहायला लागला, आपणहून. मी काही निराळं शिकवलं नव्हतं. मला न येणारं काहीतरी त्याला येतं आणि मी ते त्याच्याकडून शिकते, एवढंच त्यानं पाहिलं होतं.

आता जरा कडू. आमच्यातले कितीतरी जण अजून म्हणतात, धाक राहिला नाही म्हणून शाळा बिघडल्या. मला हे पटत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षेला बंदी आहे, तशीच मानसिक छळालाही. आपण पहिला भाग लक्षात ठेवला, दुसरा विसरलो. छडी कमी झाली, जीभ तशीच राहिली. “तू काय शिकणार, शेवटी कोयताच धरायचाय तुला,” हे वाक्य मी शाळेच्या ओट्यावर स्वतःच्या कानांनी ऐकलंय. बोलणारा माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. पण नऊ वर्षांच्या पोरीला ते कसं कळणार? ती खाली बघत राहिली. शांत बसलेल्या वर्गाला आपण शिस्त म्हणतो. त्यातली किती लेकरं घाबरून गप्प आहेत हे एकदा तरी मोजा.

आणि नातं जोडायची जबाबदारी अर्धी-अर्धी नसते. पहिलं पाऊल मोठ्यानं टाकायचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली पालघरकडच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, मग कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी पाड्यातली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, गुरं चरतात तिथेच शाळा. मूल का येत नाही, या प्रश्नावर मी कुठे जायला हवं, असं उत्तर देणारी ही माणसं याच महाराष्ट्रातली. आमच्या लेकरांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, गावात हंगामी वसतिगृहं आली. त्यांचा उपयोग झाला, काही लेकरं आजीआजोबांजवळ राहून गावातच शिकू लागली. पण जेवणाची सोय झाली तरी अंधार पडल्यावर आईच्या आठवणीनं रडणाऱ्या पोराजवळ कुणीतरी बसावं लागतं. ते माणूस योजनेच्या कागदावर दिसत नाही.

याला वेळ लागतो, आणि वेळच आमच्याकडून काढून घेतला जातोय. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असं त्याच कायद्याचं २७ वं कलम सांगतं. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, फोटो अपलोड, त्यात दोघांतला एक बैठकीला गेला की चारही वर्ग दुसऱ्याकडे. त्या दिवशी मी लेकरांच्या तोंडाकडे बघतच नाही, नुसती सांभाळते. हे मी तक्रार म्हणून लिहिते, जाहीरपणे लिहिते. शिक्षकांनी नातं जोपासावं असं वाटणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यानं, प्रत्येक पालकानं हे वाचावं.

ज्याचं नाव मी हजेरीत गाळलं होतं, तो मुलगा आता मोठा झालाय. ट्रॅक्टर चालवतो, हंगामात ऊस वाहतो. शिकून मोठा साहेब झाला असं मला लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तसं झालेलं नाही. दहावीनंतर शाळा सुटली. त्याची मुलगी यंदा माझ्याकडे पहिलीत आलीय. तिला सोडायला तो स्वतः आला होता. दारातून म्हणाला, “बाई, हिचं नाव मोठ्यानं घ्या. लाजती जरा.”

उद्या गावातून दोन टोळ्या निघणार आहेत. वर्गातली सहा लेकरं जाणार. जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून द्यायची त्यांची शिक्षण हमी कार्डं भरून तयार आहेत. कोणता कारखाना, कोणता तालुका आणि मुकादमाचा नंबर, एवढं सकाळी गाड्या भरायच्या आत लिहून घ्यायचंय.