नवेच जातात हल्ली

रिकामी पिकअप खड्ड्यांत कमी आदळावी म्हणून मी मागच्या ॲक्सलशेजारी आडवा पडून शॅकलचा, म्हणजे पाट्याचं (पोलादी पानं रचून केलेल्या स्प्रिंगचं) टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या कडीचा, बोल्ट आवळत होतो आणि पिकअप हलली. खाली, वर, खाली, वर. मान वळवून बघितलं तर बाहेर चकचकीत पॉलिशचे दोन बूट. रस्त्याने जाणारे कुणी गृहस्थ थांबून, दोन्ही हातांनी माझ्या गाडीचं मडगार्ड दाबून बघत होते. गाडीखालून माणसाचे पाय बाहेर आलेले दिसत असताना!

चीड नुसती जिवाच्या भीतीची नव्हती. रबरी बुशच्या, म्हणजे सांध्यातल्या रबरी अस्तराच्या, बोल्टला शेवटचा आवळा गाडी चाकांवर उभी असतानाच द्यायचा असतो. म्हणून तर मी स्टँड काढून, हँडब्रेक ओढून, चाकांना ठोकळे लावून खाली शिरलो होतो. या बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला पक्कं चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळलं जातं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट करकचून आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं, प्रत्येक खड्ड्यात पाट्याच्या बरोबरीने तेही अडतं आणि लवकरच फाटतं. थोडक्यात, बोल्ट आवळण्याच्या क्षणी गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर स्थिर हवी. आणि बूट तिला मनोभावे दाबत होते.

"गेले," वरून आवाज आला.

"काय गेलं?"

"शॉकअप. मागचे दोन्ही."

"नवे आहेत. आजच बसवलेत."

"नवेच जातात हल्ली."

या वाक्याला उत्तर नसतं. मी पाना खाली ठेवला.

मडगार्ड दाबून निदान करायची ही पद्धत छोट्या मोटारीवर एक वेळ ठीक आहे. हाताने दाबल्यावर शॉकअपचा दांडा सेकंदाला फार तर दहा-वीस सेंटिमीटर वेगाने सरकतो. खड्ड्यात तोच वेग मीटरच्या घरात जातो आणि तिथे आतल्या वेगळ्याच झडपा कामाला लागतात. दाबून कळतं ते अगदीच मेलेल्या शॉकअपचं. पिकअपमध्ये तर आणखी गंमत. पाट्यांची पानं गंजून एकमेकांना धरून बसलेली असली, तर शॉकअप काढून ठेवले तरी गाडी दाबल्यावर हलत नाही, आणि बघणारा मान डोलावून म्हणतो, वा, काय पक्की आहे! माझी हलत होती, कारण मी पानं नुकतीच साफ केली होती. ती हलावी म्हणूनच तर सगळा खटाटोप.

शॉकअप गेलेत का हे बघायचं असेल तर खराब रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा, उतरा आणि चारही नळ्यांना हात लावा. जपून, चटका बसतो. शॉकअपचं काम हालचालीची उष्णता करणं. तीन गरम आणि एक थंड असेल, तर थंड असलेला पगार घेतोय पण काम करत नाही. नळीवर तेलाचा पुसट ओलावा चालतो, ओघळ चालत नाही. टायरच्या कडेवरून तळहात फिरवला आणि ठरावीक अंतराने खळगे लागले, तरी संशय तिथेच. यातलं काहीही मडगार्डवरून दिसत नाही.

हे सगळं मी गृहस्थांना सांगितलं. खालूनच. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण हलतेय ना गाडी?"

मूळ घोळ असा की रिकामी पिकअप ही अपेक्षाभंगाने ताठ झालेली असते. तिचे मागचे पाटे हौदाभर मालाच्या हिशोबाने केलेले, आणि हौद्यात असते एक स्टेपनी आणि एक दोरी. स्प्रिंग नुसत्या गाडीच्या वजनाने किती दबून उभी आहे, यावर तिचे हेलकावे ठरतात. २५ सेंटिमीटर दबलेली असेल तर सेकंदाला एक हेलकावा, ११ सेंटिमीटरला दीड, ६ सेंटिमीटरला दोन. आरामदायी मोटारी एक ते दीडच्या मध्ये असतात. रिकाम्या पिकअपची मागची बाजू सहज दोनच्या पुढे जाते. आणि पानं गंजून जखडली असतील तर पाटा लहानसहान धक्क्याला हलतच नाही. मग सगळी गाडी टायरच्या रबरावर नाचते, सेकंदाला चारच्या आसपास. माणसाच्या शरीराला उभा हादरा सर्वांत जास्त बाधतो तो नेमका सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात. म्हणजे गंज मोजून-मापून पोटात ढवळेल अशीच जागा निवडतो.

"हेवी ड्यूटी टाकायचे होते," गृहस्थ म्हणाले. "माझ्या मेव्हण्याने टाकलेत. काय सांगू, गाडी एकदम दगड झाली."

हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. त्यानंतर मेव्हण्याची गाडी, मेव्हण्याचा स्वभाव आणि मेव्हण्याने आधीची गाडी विकताना खाल्लेला मार, हे मी ॲक्सलखालून सविस्तर ऐकलं. मध्ये एकदा मी मुद्दाम पाना आपटला. त्यांनी आवाज वाढवला. ही दुसऱ्याच्या गाडीबद्दल तिसऱ्याच्या अनुभवावरून चौथ्या माणसाला सल्ला द्यायची हौस मला पूर्वी नुसती करमणूक वाटायची. आता वाटत नाही. कारण याच सल्ल्यांवरून लोक चांगले शॉकअप काढून कडक शॉकअप घालतात, आणि मग कंबर धरून म्हणतात, पिकअप म्हटल्यावर असंच चालायचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

'हेवी ड्यूटी' हा डब्यावरचा शब्द भार ओढणाऱ्यासाठी आहे, बसणाऱ्यासाठी नाही. रिकाम्या गाडीला हवा तो शॉकअप हळू हालचालीला घट्ट धरणारा आणि अचानक आलेल्या धक्क्याला पटकन वाट देणारा. वायूच्या दाबाचा एकनळी शॉकअप घ्यायचा तर लक्षात ठेवा, त्यातला दाब २० बारच्या (बार हे दाबाचं माप) वर असू शकतो. तो दांडा सतत बाहेर ढकलत राहतो, त्यामुळे गाडी किंचित उचलली जाते. बांधून आलेला पट्टा म्हणूनच एक टोक बसवल्याशिवाय कापायचा नाही. दुनळी शॉकअप डब्यात आडवा पडून आलेला असतो, आतली हवा आणि तेल गुंतलेलं असतं. तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा, पूर्ण ओढायचा आणि मगच लावायचा. लांबीही बघायची. गाडी पूर्ण दबल्यावर आधी बंप स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारा रबरी ठोकळा) टेकला पाहिजे. तो टेकण्याआधी शॉकअप तळाला लागला, तर गाडीचा भार त्या बिचाऱ्या दांड्यावर येतो आणि तेव्हा मात्र 'नवेच जातात' हे खरं ठरतं.

"नाहीतर एक पान काढून टाका," मेव्हणा संपल्यावर बूट म्हणाले. "सगळ्यात खालचं. सोपं आहे."

सोपं आहे म्हणूनच लोक खालचं काढतात. अनेक पिकअपमध्ये खालचं जाड, सरळ पान हे भाराचं पान असतं. हौदा भरला की ते वरच्या पानांना टेकतं, रिकाम्या गाडीत ते कुणाला शिवतही नाही. ते काढल्यावर रिकाम्या गाडीचा आराम जिथल्या तिथे, आणि माल भरला की गाडी बसलीच. वरच्या पानांपैकी एक काढलं तर फरक पडतो, पण उरलेल्यांवर ताण वाढतो, गाडी खाली बसते, जोरात निघताना पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळतो आणि कालांतराने पान तडकतं. पानाच्या जाडीचा हिशोब तर आणखी फसवा. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरच्या पानाऐवजी १० मिलिमीटरचं घातलं की ते जवळजवळ दुप्पट कडक. मऊपणा खरंच हवा असेल तर पॅराबोलिक पाटे घ्यावेत. पानं कमी, टोकाकडे निमुळती होत गेलेली, मधल्या लांबीत एकमेकांना न घासणारी. फक्त तिथे घर्षणाचा आयता ब्रेक नसतो, म्हणून शॉकअप चांगलेच लागतात.

मी केलेलं काम त्याहून साधं होतं आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. जॅकने गाडी उचलून स्टँड चॅसीखाली, ॲक्सलला वेगळा आधार. यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे यू आकाराचे बोल्ट) सोडून पाटा खाली. मधला सेंटर बोल्ट काढण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना मजबूत क्लॅम्प, कारण पानं दाबून बांधलेली असतात आणि बोल्ट निघाला की उसळतात. पानं वेगळी करायची, तारेच्या ब्रशने गंज काढायचा, प्रत्येक पान तडा शोधत बघायचं. टोकांखाली नायलॉनच्या चकत्या असतात. त्या झिजून कागद झालेल्या किंवा पूर्ण गायब झालेल्या सापडतात. त्या नव्या घालायच्या. बांधताना सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात बरोबर बसलंय हे बोटाने चाचपायचं, नाहीतर ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्याच्या चालीने जाते. यू-बोल्ट नवेच घ्यायचे. आवळताना ते ताणले जातात, एकदा ताणलेला पुन्हा तशी पकड देत नाही. तिरप्या क्रमाने, थोडं थोडं, गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कने, म्हणजे आवळायच्या ठरलेल्या जोराने. मग शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. हे पुन्हा तपासणं शंभरातले नव्वद लोक करत नाहीत, गॅरेजवालेही आठवण करत नाहीत.

पॉलियुरेथेनचे रंगीत बुश दिसायला छान. आरामासाठी मात्र रबरच. पॉलियुरेथेन कडक असतं, रस्त्याचा आवाज आत आणतं आणि कोरडं पडलं की कुरकुरतं. मग कुणी त्यावर साधं ग्रीस चोपडतं, ते शेजारच्या रबरी भागांना खातं. तिथे सिलिकॉनचंच लागतं.

"मेव्हण्याने एअरबॅग पण बसवल्यात," गृहस्थ म्हणाले. मेव्हणा परत आला होता.

हवेच्या त्या पिशव्या पाट्याच्या मदतीला असतात. त्या भरलेल्या गाडीला वर उचलतात, रिकामीला मऊ करत नाहीत. रिकाम्या गाडीत त्यांच्यात कमीत कमी हवा ठेवायची, बऱ्याच किटमध्ये ५ पीएसआय. अगदी शून्यावर ठेवली तर पिशवी घडीत चिमटते आणि फाटते. आणि त्यांनी गाडीची भार वाहण्याची अधिकृत मर्यादा एक किलोनेही वाढत नाही. पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा पोलादी दांडा) असलेल्या गाड्यांत लोक त्याची चावी, म्हणजे उंची ठरवणारा तुकडा, पिळून गाडी उंच करतात, तिथेही हेच. बारचा कडकपणा तोच राहतो, फक्त चाकाला खाली जायला जागा उरत नाही. खड्डा आला की चाक हवेत लटकतं आणि वर 'टक्' आवाज येतो.

मग गृहस्थ म्हणाले, "ते सगळं सोडा. हौद्यात दोन-तीन पोती वाळू टाका आणि विसरून जा."

याचा राग सर्वांत जास्त आला, कारण हे बरोबर होतं. मागच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीचे सहाशे किलो येत असतील आणि त्यात दीडशेची भर पडली, तर हेलकाव्यांचा वेग दहा टक्क्यांनी उतरतो. पाटा थोडा दबतो, हलायला तयार होतो. वाळू ॲक्सलच्या बरोबर वर ठेवायची आणि बांधायची. न बांधलेलं पोतं जोरात ब्रेक दाबल्यावर केबिनच्या दिशेने निघतं. इंधन थोडं जास्त लागतं. कारण विचारलं तर म्हणाले, "वजनाने शॉकअपला बळ येतं." उत्तर बरोबर, रीत शून्य. परीक्षेत अशांनाच मार्क मिळतात.

जाता जाता त्यांनी टायरला बुटाने टोला दिला. "हवा कमी आहे."

हवा दाराच्या खांबावरच्या पट्टीप्रमाणे होती, मोजून भरलेली. बऱ्याच पिकअपच्या पट्टीवर मागच्या चाकांचे दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा. निम्मं जग रिकामी गाडी भरलेल्याच्या आकड्यावर हाकतं. काही जण तर टायरच्या अंगावर छापलेला आकडा भरतात, जो त्या टायरची कमाल मर्यादा असतो. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग, आणि ती सुधारायला एकही बोल्ट सोडावा लागत नाही. हवा थंड टायरमध्ये मोजायची. सगळा खर्च करण्याआधी हे करून बघावं, आणि माल भरायच्या दिवशी न विसरता पुन्हा वाढवावी.

या सगळ्या उपदेशात ब्रेकचं नाव निघालं नाही ते नाहीच. अनेक पिकअपमध्ये चॅसी आणि मागचा ॲक्सल यांच्यामध्ये एक बारीक दांडा असतो, भार ओळखणाऱ्या ब्रेक-व्हॉल्व्हचा. त्या दोघांमधल्या अंतरावरून तो ठरवतो की गाडी भरलेली आहे की रिकामी, आणि मागच्या ब्रेकला तेवढाच दाब पाठवतो. पान काढून मागची बाजू खाली बसली, तर व्हॉल्व्हला वाटतं माल भरलाय. तो जास्त दाब पाठवतो आणि ओल्या रस्त्यावर रिकाम्या गाडीची मागची चाकं लवकर जाम होतात. मागची बाजू उचलली की उलटं. गाडी मालाने वाकलेली असते आणि व्हॉल्व्ह समजतो रिकामी, म्हणून मागचे ब्रेक निम्म्या मनाने लागतात. उंची बदलली की तो दांडा पुस्तकातल्या मापाने पुन्हा बसवावा लागतो. हेडलाइटचा नेमही लावावा लागतो, पण ते समोरचे लोक शिव्या देऊन आठवण करून देतात. ब्रेकचं तसं नाही.

मेव्हण्याने एअरबॅग फुगवून हौदा उचललाय, त्याच्या दांड्याचं काय केलं हे विचारायच्या आत बूट निघून गेले होते. ती पिकअप माझ्या मागे नसली म्हणजे मिळवली.