पंप काढून हळद लावा म्हणणाऱ्या मेसेजला एका आईचं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. भिशीच्या ग्रुपवर, मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर, जाऊबाईंकडून आणि माहेरच्या एका मावशीकडून. मजकूर थोडक्यात असा: इन्सुलिन पंपाची सुई तीन-तीन दिवस आत राहते, त्यामुळे आतलं मांस सडतं. कातडी लाल झाली की समजायचं, शरीर पंप स्वीकारत नाही. लगेच काढून टाका आणि खोबरेल तेलात हळद कालवून लावा. गाठी इन्सुलिन साचून होतात, चोळल्या की विरघळतात. इंजेक्शनने यातलं काही होत नाही. आणि शेवटी, मुलींच्या अंगावर जन्माचे डाग पडतात.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. टाइप वन डायबेटिस, म्हणजे ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतच नाही तो, आठव्या वर्षी निघाला. पंप, म्हणजे अंगावर लावलेलं सतत इन्सुलिन देणारं छोटं यंत्र, लावून तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत साडेतीनशेहून जास्त वेळा तिचा सेट, म्हणजे पंपातलं इन्सुलिन कातडीखाली नेणारी नळी आणि ती धरून ठेवणारी चिकटपट्टी, बदललाय. मेसेज सगळाच खोटा असता तर डिलीट करून मी गप्प बसले असते. पण त्वचेचा त्रास खरा आहे, आम्ही तो भोगलाय, आणि पंप घेताना त्याबद्दल आम्हाला कुणी धड सांगितलं नव्हतं. म्हणूनच असा मेसेज लोकांना पटतो.

सगळ्यात आधी 'लगेच काढून टाका' याबद्दल, कारण हे वाक्य जिवावर बेतू शकतं. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं आणि ते दिवसरात्र थेंबाथेंबाने जात राहतं. पेन वापरणाऱ्याच्या अंगात दिवसभर पुरणारं लाँग ऍक्टिंग इन्सुलिन असतं, तसा साठा पंपवाल्या मुलाच्या अंगात नसतो. पंप काढला आणि बदली काही दिलं नाही तर काही तासांतच शुगर चढते आणि कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारी घातक आम्लं, वाढायला लागतात. कवठे महांकाळच्या एका आईचा मला रात्री साडेनऊला फोन आला. दुपारी मेसेज वाचून तिने मुलाचा पंप काढला होता, जागेवर हळद लावली होती. रात्री शुगर 412, पोरगं दोनदा ओकलेलं, श्वास जोरात चाललेला. मी म्हटलं, "वहिनी, आता काहीच विचारत बसू नका, गाडी काढा आणि मिरजेला पोचा." तो दोन दिवस आयसीयूत होता. पंप थांबवायचा असेल तर जरूर थांबवा, पण डॉक्टरांशी बोलून, लाँग ऍक्टिंगचा डोस ठरवून. साइट, म्हणजे सेट लावलेली जागा, खराब झाली तर तिथला सेट काढायचा आणि लगेच दुसरीकडे नवा सेट लावायचा.

आता 'सुई आत राहते'. बहुतेक सेटमध्ये सुई फक्त टोचण्यापुरती असते. ती लगेच बाहेर येते आणि आत राहते ती टेफ्लॉनची मऊ नळी, साधारण 6 ते 9 मिलिमीटरची. ती मांसात जात नाही, कातडीखालच्या चरबीत बसते. स्टीलचे सेटही मिळतात, त्यात बारीक सुई आतच राहते, पण ते टेफ्लॉनच्या सेटपेक्षा लवकर बदलायचे असतात. टेफ्लॉनचा नेहमीचा सेट दोन ते तीन दिवसांनी बदलायचा. मांस सडत नाही, पण जंतुसंसर्ग होतो, आणि तो कसा होतो हे मी स्वतः पाहिलंय. एका महिन्यात खर्चाची ओढाताण होती, म्हणून एक सेट वाचवायला मी तो पाचव्या दिवसापर्यंत चालवला. काढला तेव्हा खाली बोराएवढी गरम, दुखरी गाठ होती. डॉक्टरांनी पू काढला, अँटिबायोटिक दिलं. चूक पंपाची नव्हती, माझी होती. हे सेट इतके महाग आहेत की घरोघरी आया असं करत असणार, याचं मला फार वाईट वाटतं. पण पाचव्या दिवसाच्या सेटने वाचलेले पैसे मी तिथे दुप्पट भरले.

लाल झालं म्हणजे शरीर पंप स्वीकारत नाही, हे तर सरसकट चूक. लाली कसली आहे ते आधी बघा. टेप काढल्यावर लाल भाग हुबेहूब टेपच्या आकाराचा आहे आणि खाजतोय, तर भांडण चिकटपट्टीशी आहे, इन्सुलिनशी नाही. लाली नळीच्या भोकाभोवती गोल आहे, हात लावला तर गरम लागते, ठणकते, कडक होते, तर संसर्गाचा संशय घ्या आणि दाखवा. टेपच्या त्रासातही दोन प्रकार आहेत. घाम आणि ओरबाडून काढलेली पट्टी यांनी कातडी नुसती हुळहुळते, एकदोन दिवसांत शांत होते. आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये हे होणारच. खरी ऍलर्जी मात्र दर वेळी वाढत जाते, पाणीदार फोड येतात, लाली टेपच्या बाहेर पसरते. यामागे बऱ्याचदा चिकट द्रव्यातली ऍक्रिलेट नावाची रसायनं असतात. त्यातलं आयसोबॉर्निल ऍक्रिलेट कातडीवर चिकटवायच्या शुगर मोजणाऱ्या सेन्सरमुळे 2017 च्या सुमारास युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं, आणि 2020 साली अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटी या तज्ज्ञांच्या संघटनेने त्याला वर्षाचा ऍलर्जन, म्हणजे ऍलर्जी करणारा पदार्थ, म्हणून जाहीर केलं. म्हणजे हा ओळखलेला आजार आहे. पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर पट्टी लावून ऍलर्जी तपासणं, होते, दुसऱ्या प्रकारचा सेट वापरून बघता येतो, टेपखाली संरक्षक पट्टी किंवा बॅरियर वाइप (कातडीवर संरक्षक थर देणारा ओला रुमाल) वापरता येतो. पंप सोडणं हा अगदी शेवटचा उपाय.

हळदीबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागतं, कारण मी सांगलीची आहे. हळदीच्या पेठेचं हे गाव, हरिपूरच्या पेवांचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांचं. आमच्या घरात कापलं-खरचटलं की आधी हळदीचा डबा उघडतो. पण कातडीतून नळी आत गेलेल्या ताज्या भोकावर स्वयंपाकघरातली भुकटी लावणं म्हणजे धूळ आणि जंतू आत जायला वाट देणं. हळदीने काही जणांना स्वतंत्र ऍलर्जीही होते, मग मूळ दुखणं कोणतं तेच कळत नाही. आणि तेल? तेलकट कातडीवर टेप धरत नाही, कड सुटते, नळी हलते, इन्सुलिन बाहेर झिरपतं आणि शुगर का चढली ते शोधत बसावं लागतं. खोबरेलाचा खरा उपयोग टेप काढताना आहे. कडेला बोटाने थोडं लावायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि कातडी दुसऱ्या हाताने दाबून पट्टी हळूहळू गुंडाळत न्यायची. नंतर साबणाने धुऊन कोरडं करायचं. नवा सेट दुसऱ्या जागी.

गाठींचं मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण इथे आम्ही सगळ्यात जास्त फसलो. माझ्या मुलीची आवडती जागा होती बेंबीच्या डावीकडे. तिथे दुखत नाही म्हणायची, मीही तिथेच लावायचे. सहा महिन्यांनी शुगरचा मेळच लागेना. तोच डोस, तीच भाकरी-आमटी, आणि आकडा एक दिवस 80, दुसऱ्या दिवशी 290. आहारतज्ज्ञ बदलून झाली. शेवटी एका नर्सने हाताला साबणाचा फेस लावून तिच्या पोटावरून बोटं फिरवली आणि माझा हात धरून त्या जागी ठेवला. कातडीखाली मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं लागत होतं, नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हतं. इन्सुलिन साचून हे होत नाही. इन्सुलिनच्या प्रभावाने तिथली चरबी वाढते, त्या चरबीतून इन्सुलिन कधी हळू शोषलं जातं, कधी एकदम. तिथे दुखत नाही म्हणून मुलं तीच जागा मागतात. चोळून ही गाठ जात नाही. जागा काही महिने पूर्ण मोकळी सोडावी लागते. आणि हे नीट लक्षात ठेवा: चांगल्या जागी सेट लावला की तोच डोस जास्त लागू पडतो, शुगर खाली जाऊ शकते. म्हणून डोस डॉक्टरांना विचारून कमी करावा लागतो. आमच्या फ्रिजवर आता चार रकान्यांचा कागद आहे, पोट, मांडी, कुल्ल्याचा वरचा भाग, दंडाची मागची बाजू, आणि प्रत्येक सेटची तारीख.

'इंजेक्शनने काही होत नाही' हे एका ओळीत संपतं: पेनवाल्यांनाही याच गाठी येतात. 11 जानेवारी 1922 ला टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं, त्या जागीही गळू झालं होतं. तेव्हा पंप कुठे होता? शास्त्रज्ञांनी इन्सुलिन शुद्ध केलं, डॉक्टरांनी ते पुन्हा दिलं, आणि तो मुलगा पुढे तेरा वर्षं जगला.

डाग पडतात. आपल्या सावळ्या कातडीवर ते बारीक काळसर ठिपके जास्त दिवस टिकतात, बहुतेक काही महिन्यांत फिकट होतात, खाजवलं किंवा संसर्ग झाला तर राहू शकतात. पण मुलीच्या लग्नाची भीती घालून तिचं इन्सुलिन काढून घ्यायला सांगणाऱ्याला मी कधीच माफ करणार नाही.

कवठे महांकाळचा तो मुलगा घरी आलाय. पंप पुन्हा लावलाय, या वेळी कुल्ल्यावर. तिसऱ्या दिवशी सेट काढल्यावर त्याच्या आईने मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, लाली बरोबर टेपच्या आकाराची आहे, भोकापाशी काही नाही, गरमही लागत नाही. म्हणजे टेपचंच ना?"