‘फाइन’चा विरुद्धार्थी शब्द कोणता?

काही महिन्यांपूर्वी मी एका इंग्रजी चित्रपटाच्या मराठी उपशीर्षकांचा मसुदा तपासत होते. एका प्रसंगात यजमानीण कॉफीची किटली घेऊन पाहुण्याकडे वळते आणि आणखी हवी का, असे विचारते. पाहुणा कपावर तळहात आडवा धरतो आणि म्हणतो, ‘आय ॲम फाइन, थँक्स.’ त्याखाली मराठी ओळ होती : ‘मी मजेत आहे, धन्यवाद.’ कपावरचा तो हात उघडउघड ‘नको, पुरे’ म्हणत होता आणि ओळ भलतेच काही सांगत होती.

अनुवाद करणारा मुलगा मेहनती होता. त्याने शब्दकोश पाहिला होता आणि त्यात ‘उत्तम, सुंदर, बारीक, तलम, शुद्ध, निरोगी, दंड’ अशी रांग होती. यातला एकही अर्थ चुकीचा नाही, तरीही त्या प्रसंगात एकही उपयोगी पडत नाही. मला दोष दिसतो तो त्या रांगेतल्या स्वल्पविरामांत. स्वल्पविरामाने जोडलेले शब्द पाहिले की वाचणाऱ्याला वाटते, हे सगळे एकाच घरातले आहेत आणि त्यांतला कोणताही उचलला तरी चालेल. प्रत्यक्षात ‘तलम’ आणि ‘दंड’ यांचे नाते कळायला आठशे वर्षे मागे जावे लागते.

हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी ‘फिनिस’ हा लॅटिन शब्द आहे. फिनिस म्हणजे शेवट, सीमा. गुणाची शेवटची सीमा गाठलेली वस्तू ती ‘फाइन’. मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये, कारण आपल्या ‘पराकाष्ठा’ शब्दातल्या ‘काष्ठा’चा संस्कृतातला एक अर्थ सीमा हाच आहे. हीण काढून टाकलेल्या सोन्याचांदीला ‘फाइन’ म्हणतात आणि धातूची शुद्धता आजही हजारात किती भाग, अशी मोजली जाते. स्टर्लिंग चांदी 925, तर अगदी शुद्ध सोने 999. शुद्धतेकडून नाजूकपणाकडे आणि तिथून बारीकपणाकडे ही वाट सरळच जाते. सूत, वाळू, पेनाचे टोक, कराराच्या तळाशी छापलेल्या अटी, सगळे ‘फाइन’.

दंडाचा अर्थही याच ‘फिनिस’मधून आला, पण वेगळ्या वाटेने, आणि ही वाट मला अतिशय प्रिय आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘फाइन’ म्हणजे वादाचा शेवट, न्यायालयात केलेली अंतिम तडजोड. जमीन हस्तांतरित करताना पुष्कळदा दोन्ही पक्षांचे आधीच ठरलेले असे, केवळ रीतसर नोंद व्हावी म्हणून दावा दाखल होई आणि लगेच मिटवला जाई. 1195 पासून असा करार एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहू लागले. मग ते पत्र नागमोडी रेषेत कापत. दोन प्रती दोन पक्षांना मिळत आणि तळाचा तिसरा तुकडा न्यायालयाकडे राही. पुढे कोणी खोटा दस्त पुढे केला, तर नागमोडी कडा जुळवून पाहता येई. ही पद्धत 1833 च्या कायद्याने बंद होईपर्यंत चालली. प्रकरण मिटवण्यासाठी दिलेला पैसा तो ‘फाइन’, आणि पुढे शिक्षा म्हणून भरावा लागणारा पैसाही ‘फाइन’. ‘फायनान्स’ याच कुळातला आहे, कारण त्याचा जुना अर्थ देणे फेडून मोकळे होणे असा होता. ‘फायनल’, ‘फिनिश’, ‘डिफाइन’ आणि ‘कन्फाइन’ हेही त्याचेच सगेसोयरे. एखाद्या गोष्टीची व्याख्या करणे म्हणजे तिची सीमा आखणे, हे ‘डिफाइन’मध्ये अजून स्पष्ट दिसते.

इतिहास कळला तरी वापर कळतोच असे नाही. त्यासाठी मी नव्या अनुवादकांना एकच गोष्ट सांगते : समानार्थी शब्द शोधण्याआधी विरुद्धार्थी शब्द विचारा. वाळू फाइन नसेल तर जाडीभरडी असते. पेनाचे टोक फाइन नसेल तर रुंद असते, हवा फाइन नसेल तर पावसाळी किंवा कुंद असते आणि माणूस फाइन नसेल तर त्याला बरे नसते. हवेतले 2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण फाइन, तर त्याहून मोठे, 10 मायक्रोमीटरपर्यंतचे कण भरड. क्रिकेटमधल्या फाइन लेगचा विरुद्ध मात्र स्क्वेअर लेग आहे! तिथे ‘फाइन’ ही प्रशंसा नसून दिशा आहे. खेळपट्टीची रेषा फलंदाजाच्या मागे वाढवली, तर तिच्याशी छोटा कोन करून उभा राहिलेला क्षेत्ररक्षक तो फाइन लेग. चेंडू ‘फाइन’ गेला, असे समालोचक म्हणतो तेव्हा फटका कदाचित चुकून लागलेला असतो. दंडाच्या ‘फाइन’ला तर विरुद्धार्थी शब्दच नाही. विरुद्ध शब्द बदलला की समजावे, आपण दुसऱ्या शब्दापाशी आलो आहोत. स्पेलिंग तेच असले म्हणून शब्द तोच राहत नाही.

शब्दाची वाक्यातली जागाही तितकीच महत्त्वाची आहे. ‘अ फाइन टीचर’ म्हणजे उत्तम शिक्षक. ‘द टीचर इज फाइन’ म्हणजे शिक्षक सुखरूप आहेत, किंवा चालतील, काही तक्रार नाही. नामाच्या आधी आला की हा शब्द ‘गुड’च्या वर बसतो आणि नामाच्या नंतर आला की बहुधा ‘गुड’च्या खाली उतरतो. कोणी तुमचे लेखन वाचून ‘इट्स फाइन’ म्हणाले, तर ती शाबासकी समजू नये. या दुसऱ्या अर्थी ‘व्हेरी फाइन’ असे सहसा म्हणत नाहीत, ‘जस्ट फाइन’ किंवा ‘परफेक्टली फाइन’ म्हणतात. मला वाटते, मुळातली सीमा इथे अजून जिवंत आहे. चालण्याजोगेपणाची रेषा ओलांडली किंवा नाही, एवढाच प्रश्न असतो आणि त्यात कमी-अधिक नसते. ‘नाइस’ आणि ‘ओके’ यांना पर्याय म्हणून शेजारी बसवणाऱ्या याद्या हा फरक पुसून टाकतात.

मराठीत या खालच्या अर्थाच्या सर्वांत जवळ ‘बरा’ येतो. ‘तब्येत बरी आहे’ यात आजार गेल्याचा दिलासा असू शकतो आणि जेमतेम चालले आहे हेही असू शकते. वाद तुटेपर्यंत ताणला गेल्यावर कोणी ओठ मिटून ‘फाइन’ म्हणते, तेव्हा ‘बरं’ हा एकच शब्द पुरतो. पण ‘फाइन’चा वरचा अर्थ ‘बरा’ला पेलत नाही. ‘बरा शिक्षक’ म्हटले तर शिक्षकाचा अपमानच होईल. त्यामुळे एका ‘फाइन’साठी मराठीत आठ-दहा शब्द हाताशी ठेवावे लागतात आणि ते आपल्याकडे आहेत. द्विभाषिक कोशांनी प्रत्येक अर्थापुढे त्याचा विरुद्धार्थी शब्द आणि सोबत येणारे एखादे नाम दिले, तर कोश जाड होईल हे मान्य, पण अर्थांची अशी सरमिसळ होणार नाही.

त्या मुलाला मी ‘नको, पुरे’ सुचवले आणि मग आम्ही चित्रपटातले सगळे ‘फाइन’ एकेक करून पुन्हा पाहिले. एके ठिकाणी मुलगी बंद दाराआड रडते आहे, आई दारावर टकटक करते आणि आतून आवाज येतो, ‘आय ॲम फाइन.’ मसुद्यात तिथेही ‘मी मजेत आहे’ हीच ओळ होती. त्याने ती पुन्हा एकदा वाचली, खोडली आणि माझ्याकडे न पाहताच लिहिले, ‘काही नाही झालं मला.’