मे महिन्यात हुडी घालून खून?

मला एकदा कोणीतरी समजावून सांगा, जळगावात मे महिन्यात काळी हुडी कोण घालतं? कोण? पारा ४४ वर, दुपारी कुत्रंसुद्धा गटारीत जाऊन बसतं, आणि आमच्या फिल्मचा खुनी हुडी घालून हिंडणार. का? तर म्हणे थ्रिलर वाटलं पाहिजे.

मास कॉमच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट. क्राइम थ्रिलरची नुसती सुरुवात करायची, २ मिनिटांची. मार्कांच्या कागदावर चक्क छापलंय: जॉनरचे (म्हणजे त्या प्रकारच्या सिनेमाचे) ठरलेले संकेत वापरा आणि त्यांना छेद द्या. आम्ही दिला. तर सर म्हणतात, "रात्र कुठाय? पाऊस कुठाय?" अहो सर, छेद द्या म्हणून तुम्हीच लिहिलंय ना? की तोही तुमची परवानगी काढून द्यायचा?

बाकीच्या ग्रुपांचं बघा. अंधारी खोली, लोंबणारा बल्ब, टपटपणारा नळ, बुटांचा क्लोजअप, भिंतीवर फोटो आणि फोटोंना जोडणारा लाल दोरा. (आपल्याकडच्या पोलीस चौकीत दोरा असतो तो फायली बांधायला.) शेवटी हुडी मागे सरकते आणि आत मुलगी! झाला छेद. पाच ग्रुपांत पाच मुली. सगळ्यांना भरभरून मार्क.

आमची फिल्म चोपड्याकडे मामाच्या केळीच्या बागेत, भर दुपारी १ वाजता. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि चार पावलं आत गेलं की पानांखाली काळोख. फुकटचं लायटिंग आहे ते! ठिबकच्या नळीतून थेंब पडतोय, वाळलेली पानं करकरतात. एक माणूस बाहेर येतो, डोक्याला-तोंडाला पांढरा रुमाल. आता मे महिन्यात आमच्याकडे तोंड बांधून फिरणाऱ्यावर कोणी संशय घेत नाही, उघड्या तोंडाने फिरणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. त्याच्या शर्टावर तपकिरी-काळे डाग. विहिरीवरची बाई बघते आणि म्हणते, "केळना डाग शे, जात नही." आणि आपलं काम करत राहते.

बस्स. केळीचा चीक कपड्यावर पडला की आधी दिसतही नाही, मग असा काळपट होतो की वाळलेलं रक्तच वाटावं. ज्या गावात प्रत्येकाच्या शर्टावर असे डाग, तिथं रक्त लपवायला अजून काय पाहिजे? शेवटचा शॉट: तोच शर्ट बादलीत, आणि पाणी हळूहळू लाल होतं. चिकाने पाणी लाल होत नाही, हे खान्देशात पोरालाही कळतं.

सरांना कळलं नाही. "प्रेक्षकाला समजणार नाही," म्हणे. कुठला प्रेक्षक, सर? तुमचं स्वतःचं आडनाव रावेरकडचं, केळीच्याच पट्ट्यातलं आहे!

आणि रात्र-पाऊस हा नियम लिहिला कोणी? ती सावल्यांची, ओल्या रस्त्यांची तऱ्हा १९४० च्या दशकातल्या अमेरिकी फिल्म न्वारची, म्हणजे काळोख्या गुन्हेपटांची. तिथं शोभते. थ्रिलरवाल्या हिचकॉकने तर १९५९ सालीच 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये मुद्दाम अंधारी गल्ली टाळली, नायकाला भर उन्हात सपाट शेतांच्या मधोमध उभं केलं आणि फवारणीचं विमान त्याच्या अंगावर सोडलं. हे आम्हाला दुसऱ्या सेमिस्टरला शिकवलं कोणी? याच सरांनी! स्लाइड अजून माझ्या फोनात आहे.

ग्रुपवाले तर अजून थोर. "जाऊ दे ना भो, मार्क महत्त्वाचे," म्हणत एकाने हुडी ऑनलाइन मागवूनही टाकली. आतून लोकरीचं अस्तर! काल गच्चीवर ट्रायल घेतली, दहाव्या मिनिटाला आमचा खुनी भिंतीला टेकला, त्याला लिंबू-सरबत पाजलं. मृतदेह ताजातवाना, खुनी आडवा.

सोमवारी रिशूट आहे. रात्री, पावसात. पावसासाठी मामाला फोन केला, बागेतली मोटर तासभर मिळेल का म्हणून. मामा म्हणाला, "केळीला पाणी पुरत नाही अन् तुला पाऊस पाडायचाय?" आणि फोन ठेवून दिला.