होमरचा समुद्र आणि न दिसलेला निळा रंग

‘होमर समुद्राला वाइनसारखा गडद म्हणतो, निळा म्हणत नाही, म्हणजे प्राचीन ग्रीकांना निळा रंग दिसतच नव्हता.’ प्राचीन ग्रीक महाकवी होमरबद्दलचा हा दावा सतत फिरत असतो. त्याचं मूळ ब्रिटिश राजकारणी विल्यम ग्लॅडस्टन यांच्या 1858 सालच्या होमरवरील ग्रंथात आहे. होमरकडे रंगांची नावं थोडी आहेत, हे त्यांनी बारकाईनं टिपलं होतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

आधी ‘गडद’ शब्दाबद्दल. मूळ विशेषण ‘ओइनोप्स’. त्यात वाइन आहे आणि चेहरा किंवा डोळा या अर्थाचा शब्द आहे. वाइनच्या रूपाचा, एवढंच. ‘गडद’ ही इंग्रजी भाषांतरकारांची भर.

दावा करणारे ज्याकडे हमखास डोळेझाक करतात ते म्हणजे बैल. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या तेराव्या सर्गात खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या, अजॅक्स याच नावाच्या दोन ग्रीक योद्ध्यांना नांगराला जुंपलेल्या बैलजोडीची उपमा दिली आहे. शिंगांच्या मुळाशी घाम पाझरतोय, आणि हे बैलही ‘ओइनोप्स’च! त्याहून जुना पुरावा क्रीटमधल्या नॉसॉसचा. होमरच्या कित्येक शतकं आधीच्या तिथल्या मातीच्या पाट्यांवर बैलांची नावं आहेत, त्यांत ‘वो-नो-क्वो-सो’, म्हणजे हेच विशेषण, एका बैलाचं नाव म्हणून येतं. आपल्याकडच्या ढवळ्या-पवळ्यासारखंच हे रंगावरून पडलेलं नाव. तेव्हा हा शब्द तांबूस-काळपट झाकेचा असावा, हेच मला पटतं. क्षारयुक्त पाणी मिसळल्यानं ग्रीकांची वाइनच निळी व्हायची, असाही एक तर्क मांडला गेला होता. मग बैलही निळे मानावे लागतील.

निळ्यासाठी शब्दच नव्हता म्हणावं, तर ‘क्युआनोस’चं, म्हणजे निळ्या काचेसारख्या पदार्थाचं काय? होमरच्याच ‘ओडिसी’त अल्किनूस राजाच्या वाड्याच्या भिंतींवर त्याचा पट्टा आहे. ग्रीसमधल्या मायसीनी या प्राचीन नगरीच्या पाट्यांमध्ये तर या निळ्या काचेचं काम करणाऱ्या कारागिरांची नोंदच आहे. त्यावरून बनलेलं विशेषण होमर पुष्कळदा नुसतं ‘काळंभोर’ या अर्थी वापरतो, हे खरं. पण निळी काच घडवणाऱ्यांना निळा दिसत नव्हता, हे कसं मानायचं?

शिवाय होमरचा समुद्र एकाच रंगाचा नाही. तो करडा आहे, धुकट आहे, काही ठिकाणी जांभळ्या फुलांसारखा आहे. ‘ओइनोपा पोंटोन’, म्हणजे वाइनच्या रूपाचा समुद्र, ही जोडी ओळीच्या शेवटी वृत्तात चपखल बसते, म्हणून तोंडी काव्य रचणारे गायक ती पुनःपुन्हा वापरत. मित्र पॅट्रोक्लसच्या चितेपासून बाजूला उभा असलेला योद्धा अकिलीस याच शब्दांतल्या समुद्राकडे पाहतो, आणि झ्यूसची वीज ओडिसियसचं जहाज फोडते तेही याच समुद्रात.