‘लॉसूट गिटार’ नावाची थाप

भाच्याने बाईकसाठी साठवलेले पैसे एका जुन्या जपानी गिटारीत घालायचं ठरवलंय. का, तर एक फॉरवर्ड. ‘सत्तरच्या दशकात गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीने सगळ्या जपानी कंपन्यांना कोर्टात खेचलं. कोर्टाने त्यांच्या गिटारी नष्ट करायला लावल्या. वाचल्या त्या लॉसूट, म्हणजे खटल्यातल्या, गिटारी. सिरीयल नंबर नसेल तर समजा अस्सल. अमेरिकन गिटार त्यांच्यापुढे पाणी भरते.’

कोर्टाचं आधी बघू, कारण सगळा भाव त्याच्याच जोरावर चढवलाय. गाजलेला खटला एकच. गिब्सनची तेव्हाची मालक कंपनी नॉर्लिनने 28 जून 1977 ला फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात दावा लावला, तो एल्जरवर, म्हणजे आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या वितरकावर. ग्रेको, टोकाई हे बाकीचे जपानी ब्रँड त्यात नाहीत. भांडण हेडस्टॉकच्या, म्हणजे टोकाला खुंट्या असतात त्या भागाच्या, वरच्या कडेवरून, गिब्सनची ती उघड्या पुस्तकासारखी कड. 1978 च्या सुरुवातीला प्रकरण आपसात मिटलं. अरे, निकालच लागला नाही, तर गिटारी नष्ट करायचा हुकूम दिला कोणी? त्यात आयबानेझने दाव्याआधीच हेडस्टॉक बदलला होता! गिब्सनच्या गाजलेल्या ‘लेस पॉल’ मॉडेलची टोकाईने केलेली नक्कल, जिला पुढे ‘लव्ह रॉक’ नाव पडलं, बाजारात आली 1978 मध्ये. तीही आज ‘लॉसूट’ म्हणून खपवतात. म्हणजे ही बाई कुठल्या खटल्यातून वाचली?

नंबर नसणं हा कसला पुरावा? आयबानेझवर 1975 पासून नंबर येतो: आधी महिन्याचं अक्षर, मग वर्षाचे दोन आकडे. त्याआधीच्या कित्येक गिटारींवर काहीच नसायचं, स्वस्तातल्या मालावर तर नाहीच. भाच्याला आलेले फोटो मी मोठे करून पाहिले. लेस पॉलची नक्कल, पण नेक, म्हणजे गिटारीचा दांडा, अस्सल लेस पॉलसारखा चिकटवलेला नाही, मागे चार स्क्रूंची पट्टी आणि तिच्यावर नुसतं ‘मेड इन जपान’. तारांचा आवाज पकडणारा पिकअप काढलेल्या खाचेत प्लायवूडचे थर सरळ दिसतायत. विकणारा म्हणतो अखंड महोगनी.

अमेरिकन पाणी भरते वगैरे... बरं, थोडं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. सत्तरच्या उत्तरार्धात जपानमधल्या मात्सुमोतो शहरातल्या फुजिगेन आणि मात्सुमोकु या कारखान्यांतून फार सुरेख गिटारी निघाल्या. यामाहाची एसजी2000 तर गिटारवादक कार्लोस सांतानाने वाजवली. 1982 मध्ये अमेरिकन फेंडर कंपनीची फेंडर जपान निघाली तेव्हा फेंडरने फुजिगेनकडूनच गिटारी बनवून घेतल्या. पण त्या गिटारींवर ब्रँडचं नाव असतं, आणि त्या खटल्यामुळे चांगल्या झालेल्या नाहीत.

तेव्हा भाचेराव, हातात घेऊन वाजवा. आवडली तर घ्या, पण प्लायवूडच्या भावात.